ज्वारीच्या माहेरात पेरणी कोणी मोडली?



आपल्या ज्वारीचे माहेर सुदानकडचे. पाचेक हजार वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी रानटी गवतातून हे पीक उभे केले. त्याच मुलखात अब्येई नावाचा भाग आहे. सुदान म्हणतो आमचा, दक्षिण सुदान म्हणतो आमचा. त्यात कोलोम हे डिंका लोकांचे खेडे. काळी चिकण जमीन, माती-गवताची घरे, ज्वारी आणि गुरे. २२ जानेवारी २०२० रोजी हत्यारबंद टोळी आली. घरे पेटवली, तीसच्या आसपास माणसे मारली, लहान पोरे उचलून नेली.

शहाणे लगेच म्हणतात, गुराखी आणि शेतकऱ्यांचे हे जुनेच वैर! धादांत खोटे आहे हे. उत्तरेचे मिसेरिया गुराखी पावसाळा सरला की कीर नदीच्या पाण्यावर गुरे आणायचे, पाऊस लागला की परत फिरायचे. आपल्याकडे सुगी झाल्यावर धनगर रानात मेंढ्या बसवतो, त्याच जातीचा हा व्यवहार. भांडणे होत, नाही असे नाही. पण डिंकांचे देंग माजोक आणि मिसेरियांचे बाबो निम्र हे दोन प्रमुख एकत्र बसून ती मिटवत.

मग जमिनीखाली तेल सापडले. १९८० च्या दशकात खार्टूमच्या सरकारने या गुराख्यांच्याच पोरांच्या हाती बंदुका दिल्या. हेगलिगच्या तेलात आपल्या सरकारी कंपनीनेही २००३ साली २५ टक्के वाटा घेतला, हेही माहीत असू द्या. २००९ मध्ये हेगच्या लवादाने अब्येईची हद्द आखली आणि हेगलिग तिच्या बाहेर ठेवले. ज्वारीचे रान तेवढे वादात राहिले.

माझ्या कृषी पदवीला यात एक गोष्ट दिसते, ती वर्तमानपत्रात येत नाही. अब्येई गाव २००८ मध्ये जळाले, तो मे महिना. २०११ मध्ये सुदानच्या फौजेने सगळा भाग बळकावला, लाखभर माणसे पळाली, तोही मे. मे म्हणजे तिथे पेरणीचे तोंड! मातीचे घर पुन्हा उभे राहते. वाफसा गेला की साल गेले. मग त्याच शेतकऱ्याला रांगेत उभे करून परदेशी ज्वारीची पोती वाटायची. ज्वारी पिकवणाऱ्याला ज्वारीची भीक!

२००५ च्या करारात सार्वमत कबूल केले होते. मिसेरियांना मत द्यायचे की नाही, यावर ते अडवून ठेवले. दोन्ही राजधान्यांना ते अडलेलेच सोयीचे.

अमिएतला २०१६ पासून दोन्हीकडच्या लोकांचा सामाईक बाजार भरू लागला. तिथेही गोळ्या चालल्या, माणसे मेली. बाजार पुन्हा भरला.