शिडी आहे का हो?

आमच्या सोसायटीत बिऱ्हाडं १६ आणि शिड्या १४. माळा साफ होतो वर्षातून एकदा, दिवाळीआधी. एरवी या शिड्या दारामागे उभ्या राहून धूळ खातात. बँकेत आम्ही अशा मालाला ‘डेड स्टॉक’ म्हणतो. घरात त्याला ‘असू दे आपली स्वतःची’ म्हणतात.

माझं म्हणणं सरळ आहे. पुरणयंत्र लागतं होळीला, सोऱ्या दिवाळीला, ड्रिल मशीन नवं घड्याळ टांगताना. असल्या वस्तू विकत घेऊच नयेत, मागून आणाव्यात. यावर शहाणी माणसं नाक मुरडतात. “मागायची लाज नाही वाटत?” विचारणाऱ्या गृहस्थांचा स्वतःचा फ्रीज, टीव्ही आणि खिशातला मोबाइलसुद्धा हप्त्यावरचा असतो! शेजाऱ्याची शिडी आणली तर भिकारपणा आणि बँकेचे पैसे आणले तर प्रतिष्ठा? अहो, कर्ज म्हणजे उसनंच की! शेजारी निदान व्याज लावत नाही. क्रेडिट कार्डाची बाकी थकली तर महिन्याला साडेतीन टक्केसुद्धा लागू शकतात. वर्षाचे किती, ते बी.कॉम. नसलेल्यांनीही गुणून पाहावं. “आमची शून्य टक्क्यांची योजना होती,” म्हणाल, तर शून्य टक्के व्याज अशी चीजच नसते, असं रिझर्व्ह बँकेनंच सप्टेंबर २०१३मध्ये बँकांना बजावलं होतं. ते व्याज बहुधा प्रोसेसिंग फीच्या पोटात दडलेलं असतं.

आमच्या आयांना हे न शिकता कळत होतं. विरजण शेजारचं. तान्ह्याला झबली दुसऱ्याच्या मुलानं वापरलेली, कारण ती धुऊन मऊ झालेली असतात. जुन्या लुगड्याची गोधडी, आणि उरलेल्या कपड्यांवर बोहारणीशी तासभर घासाघीस करून एक पातेलं. साखरेची वाटी आली, तर परत जाताना ती रिकामी जायची नाही. व्याजाचा दर एवढाच.

नुसतं नेणारा आणि स्वतःची वस्तू मागितली की “दुरुस्तीला दिलीय” म्हणणारा, त्याची वकिली मी करत नाही. तो फुकट्या. वस्तू पुसून, वेळेवर परत करावी आणि आपलीही हसत द्यावी.

गेल्या पावसाळ्यात जिन्यातला दिवा गेला, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे शिडी मागायला गेलो. एकटेच असतात. दार उघडायला त्यांना पाच मिनिटं लागली. दोन दिवस तापानं फणफणत होते, कुणाला पत्ता नाही. शिडी राहिली बाजूला. रिक्षा करून डॉक्टर गाठला. त्या दोन दिवसांत समोरच्या दारात तीन पार्सलं येऊन गेली होती. एकात शिडी होती. चौदावी.

तेव्हा वाचकहो, पुढची वस्तू मागवण्याआधी शेजारची बेल वाजवून बघा. वस्तू मिळाली तर पैसे वाचतील. नाही मिळाली, तरी माणूस बरा आहे एवढं तरी कळेल.