पगारी संशोधनाची वाट

फिजिओथेरपीची पदवी हातात पडली की आपल्याकडची मुले परदेशाचा विचार करू लागतात, आणि पहिली चौकशी होते ती शैक्षणिक कर्जाची. बायोमेकॅनिक्स आणि व्यायामशास्त्रात, निदान अमेरिकेत, दुसराही रस्ता आहे: असिस्टंटशिप. विद्यापीठ शिक्षणशुल्क माफ करते आणि वर महिन्याला खर्चापुरते पैसे देते. मात्र ही गुणांबद्दलची बक्षिसी नव्हे, सरळसरळ नोकरी आहे. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते.

काम दोन तऱ्हेचे. टीचिंग असिस्टंट पदवीच्या मुलांची शरीररचनेची प्रॅक्टिकल घेतो, पेपर तपासतो. त्याचे पैसे बहुधा विभाग देतो. रिसर्च असिस्टंटचे पैसे प्राध्यापकाने मिळवलेल्या अनुदानातून येतात. ते अनुदान म्हाताऱ्या माणसांच्या पडण्यावर असेल, कृत्रिम पायावर असेल किंवा खेळाडूंच्या गुडघ्यांवर. फोर्स प्लेटवर, म्हणजे पावलाचा जोर मोजणाऱ्या पाटीवर, माणसाला चालवणे हा त्यातला रंजक भाग. पुढे संगणकावर आकडे साफ करत बसण्यातच खरा वेळ जातो. म्हणून फिजिओला थोडे गणित आणि प्रोग्रॅमिंग यायला हवे, आणि या क्षेत्रात येणाऱ्या इंजिनिअरला स्नायूंची ओळख हवी.

यावरून एक गोष्ट उघड होते. पैसा प्रयोगशाळेमागून येतो, विद्यापीठाच्या रँकिंगमागून नाही. आपली मुले रँकिंगची यादी घेऊन बसतात आणि पन्नास प्राध्यापकांना एकच ईमेल पाठवतात. त्यापेक्षा एकाचे दोन-तीन शोधनिबंध वाचून नेमके पत्र लिहिणे केव्हाही बरे. पीएचडीला असा पाठिंबा सर्रास मिळतो. मास्टर्सला कमी, आणि तोही बहुधा प्रबंध लिहिणाऱ्यांना.

ऑफरचे पत्र मात्र बारकाईने वाचावे. पैसे नऊ महिन्यांचे की बारा? आरोग्य विमा कोण भरणार? शुल्कमाफीत इतर सक्तीच्या फिया धरल्या आहेत का? अनुदान संपले तर पुढे काय? हा शेवटचा प्रश्न पूर्वी औपचारिक वाटायचा. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने संशोधन अनुदानांना कात्री लावल्यापासून तोच पहिला विचारायला हवा. उत्तर देण्याची घाई करू नये. बहुतेक मोठी विद्यापीठे अशा ऑफरसाठी १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात.

देशातही पैसे आहेत. यूजीसी-नेटमध्ये शारीरिक शिक्षण हा विषय आहे, आणि त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये मिळतात. गेट देऊन एमटेकला गेलेल्या इंजिनिअरला १२,४०० मिळतात. अडचण वेगळीच आहे. मोजमापाची यंत्रे बहुतेक इंजिनिअरिंगच्या संस्थांत, आणि खेळाडू व रुग्ण ज्यांच्या रोजच्या ओळखीचे, ती माणसे क्रीडा आणि फिजिओथेरपीच्या महाविद्यालयांत. दोघांना एका प्रकल्पावर नेमून दोघांनाही पगार देणाऱ्या जागा आपल्या विद्यापीठांनी काढायला हव्यात. त्यासाठी अमेरिकी व्हिसा लागत नाही.