मुलांना कोणाच्या मापाने मोजायचे?

जून लागला की घरी शिकवणाऱ्या पालकांना तेच प्रश्न पुन्हा ऐकावे लागतात. मुलगी कितवीत? शाळा कुठली? कुरकुंभला एमआयडीसीतले सहकारी विचारतात, दौंडला उपासना संपल्यावर मंडळीतले लोक विचारतात, गावी गेले की आजी-आजोबा विचारतात. बहुतेकांच्या विचारण्यात मायाच असते. तरीही घरी परतताना आईच्या मनात हिशेब सुरू होतो: चुलत भाऊ वीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणतो, आपली अजून बाराच्या पाढ्यात अडते. दुसऱ्या दिवसापासून तिचे शिकवणे बदलते. मुलीला काय उमगले, काय उमगले नाही, याकडे तिचे लक्ष राहत नाही. चुलत भावाला गाठायचे, एवढेच डोक्यात राहते. तुलनेचे खरे नुकसान हे आहे. ती पालकाला दुखावते हे खरे, पण त्याहून वाईट म्हणजे ती पालकाची नजर समोरच्या लेकरावरून हटवते.

या प्रश्नावर विचार करायला आपल्याला लांब जावे लागत नाही. आपल्याच दौंड तालुक्यात केडगाव आहे आणि तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्या कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले म्हणून शास्त्रीपंडितांनी त्यांना जाब विचारला. त्यांनी शास्त्राधारे उत्तर दिले आणि शिकवणे चालू ठेवले. पुढे लक्ष्मीबाईंनी पहाटे उठवून रमेला शिकवले. मुलीचे लग्न लहानपणी उरकायचे नाही हेही त्या घराने ठरवले होते. ते घर ख्रिस्ती नव्हते. पण लोक काय म्हणतील याला घाबरून मुलीचे शिक्षण थांबवायचे नाही, हा धडा रमाबाईंना तिथेच मिळाला. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ म्हणून गौरवले, ती आईच्या हाताखाली शिकलेली मुलगी होती.

स्वतः आई झाल्यावर रमाबाईंवर दोन्हीकडून दबाव आला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तेव्हा इकडचा समाज रागावला. तिकडे धर्मभगिनींची अपेक्षा अशी की नव्या ख्रिस्ती बाईने सांगितले तसे मानावे. रमाबाईंनी तेही मानले नाही. पुरोहितांच्या सत्तेतून सुटून दुसऱ्या सत्तेखाली जायचे नाही, ही त्यांची भूमिका पत्रव्यवहारात स्पष्ट दिसते. आपल्याच विश्वासातल्या माणसांना आदराने ‘नाही’ म्हणणे परक्यांना म्हणण्यापेक्षा अवघड असते. आपल्यापैकी अनेकांचा तो रोजचा अनुभव आहे.

पुढे रमाबाईंनी मुली आणि विधवांसाठी काढलेली शाळा, शारदासदन, पुण्यात आली. रमाबाई मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे, आणि इतर मुलीही येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. सल्लागार मंडळातल्या मान्यवरांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. त्या पालकांना तो अधिकार होता, कारण मुली त्यांच्या होत्या. पण त्या रोषापायी रमाबाईंनी स्वतःच्या लेकीबरोबरची प्रार्थना सोडली नाही. तो त्यांचा अधिकार होता. ज्याचे लेकरू, त्याच्यावर जबाबदारी. हे दोन्ही बाजूंना लागू आहे, म्हणूनच शाळेत मुले घालणाऱ्या शेजाऱ्यालाही आपण कमी लेखता कामा नये. रमाबाईंनी स्वतः शाळा उभारल्या. घरशिक्षणाचा पुरावा म्हणून त्यांचे नाव वापरणे अन्यायाचे ठरेल. आपण कोणाला उत्तर देणे लागतो, याची त्यांना असलेली जाणीव मात्र जरूर घ्यावी.

मग आपण कोणाला उत्तर देणे लागतो? देवाला, ज्याने बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना घरीदारी, उठता-बसता शिकवण्याचे काम आईबापांवर सोपवले. जोडीदाराला. मुलाला. आणि कायद्याला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरशिक्षणाची वेगळी तरतूद नाही, म्हणून आपण अधिक जबाबदारीने वागायला हवे. कामाची नोंदवही ठेवा. दहावीचा मार्ग वेळेत ठरवा: एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेच्या माध्यमिक परीक्षेसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण लागतात, राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म आहे. आजोबांनी ‘पुढे काय?’ विचारले की हे शांतपणे सांगता आले पाहिजे. त्यांच्या काळजीला उत्तर द्या; तुलनेला देऊ नका.

एक कठोर गोष्ट आपसांतही बोलायला हवी. सगळा दबाव बाहेरूनच येतो असे नाही. आपल्या मासिक मेळाव्यात कोणाच्या मुलाला किती वचने पाठ, कोणी कोणता अमेरिकन अभ्यासक्रम मागवला, याची मोजणी आपणच करतो. रमाबाईंनी अमेरिकेत बालवाडीची फ्रोबेलपद्धती अभ्यासली, पण इथल्या मुलांसाठी पुस्तके मराठीत लिहिली. चांगले ते घ्यावे, अंगाला बसेल असे बेतावे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल, एकमेकांशी मोजत बसणाऱ्यांना शहाणे म्हणत नाही. तो इशारा मंडळीला होता, जगाला नव्हे.

म्हणून या वर्षी एवढे करा. प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवा. गेल्या जूनमध्ये त्याला काय येत नव्हते आणि आज काय येते, ते पानावर लिहा. वाचन, गणित, हातचे काम, स्वभाव, प्रार्थना, सगळे. दुसऱ्या कोणत्याही मुलाचे नाव त्यावर येऊ देऊ नका. जिथे प्रगती थांबलेली दिसेल तिथे सबब सांगू नका. मदत घ्या, गरज पडल्यास शिक्षक शोधा, आणि मुलाच्या हिताचे असेल तर शाळेचाही विचार करा. तोही निर्णय लेकराकडे पाहून घ्या, लोकांकडे पाहून नको.