राखणीचं कुत्रं काठीने नव्हे, शाबासकीने तयार होतं

खत-बियाण्यांच्या पानावर कुत्र्याचा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. पण खळं, गोठा आणि कोंबड्यांचं खुराडं रात्री आपण कुणाच्या भरवशावर सोडतो? त्याच राखणदाराला चार गोष्टी शिकवायची वेळ आली की आपल्या हातात काठी येते.

दहिसर म्हटलं की लोकल आणि उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण पूर्वेला केतकीपाड्याच्या पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं हे जंगल पुढे ठाणे जिल्ह्यातही पसरलेलं आहे. तिथला बिबट्या अंधार पडला की वस्तीकडे सरकतो, तो बहुतेक वेळा कुत्र्यासाठी. उसाच्या मुलखातही तेच. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या खाद्यात, वजनाने पाहता, कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला. म्हणजे रात्री उघड्यावर असलेलं कुत्रं स्वतः तर मरतंच, वर बिबट्याला आपल्या अंगणाची वाट दाखवतं.

म्हणून जंगलाकाठच्या कुत्र्याने पहिला धडा शिकायचा तो हाकेला येण्याचा. आणि नेमकं हेच आपण मारून बिघडवतो. कुत्रं बांधावर उंडारतं, आपण हाका मारतो, ते उशिरा येतं आणि आल्याबरोबर पाठीत काठी बसते. आपल्याला वाटतं, उंडारल्याची शिक्षा दिली. कुत्र्याचा हिशेब वेगळा असतो. धन्याजवळ गेलं की मार बसतो, एवढंच त्याला कळतं. दुसऱ्या दिवशी ते दहा हात लांबच थांबतं. ज्या संध्याकाळी त्याने खरंच आत यायला हवं, त्या संध्याकाळीही ते लांबच राहतं.

उपाय सोपा आहे. भाकरीचे किंवा उकडलेल्या अंड्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे खिशात ठेवा. कांदा घातलेलं काही देऊ नका, तो कुत्र्याला बाधतो. जेवण घालण्याआधी, पोट रिकामं असताना, पाच पावलांवरून नाव घेऊन 'ये' म्हणा. जवळ आलं की त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणून तुकडा द्या. सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं पुरे. आठवडाभर अंगणात जमलं की अंतर वाढवा, मग बांधावरून बोलवा. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरावा. एकाचं 'ये', दुसऱ्याचं 'चल' असं नको. पुढे दिवेलागणीला हाक मारून त्याला बंद गोठ्यात घ्या आणि रात्रीची भाकरी तिथेच घाला. उघड्या ओट्यावर साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यापुढे वाढलेलं ताट, हे विसरू नका.

कोंबड्यांमागे धावणाऱ्या पिल्लाला दोरी लावून खुराड्यापासून लांब बसवा. कोंबडीवरची नजर काढून तुमच्याकडे पाहिलं की तुकडा द्या. पोस्टमनवर भुंकणारं कुत्रं क्षणभर गप्प झालं की तेव्हाच शाबासकी द्या.

लाडाने कुत्रं डोक्यावर बसतं, असं काही जण म्हणतील. पण हा लाड नव्हे, ही कामाची मजुरी आहे. माणूस आठवड्याच्या बाजारापर्यंत थांबतो, कुत्र्याला मजुरी हातोहात लागते. काम केलं नाही तर तुकडा नाही, हिशेब संपला. काम अंगवळणी पडल्यावर तुकडा कधीमधी दिला तरी चालतं, शाबासकी मात्र रोज हवी.

हे काही शहरी खूळ नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ सालीच लिहून ठेवलं की योग्य कृती घडताच एक ठराविक आवाज करावा आणि लगेच खाऊ द्यावा. जनावर झटपट शिकतं. आपल्याकडचा दाखला मुंबई पोलिसांचा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्यांच्या 'झंजीर' या लॅब्रेडोरने स्फोटकं हुडकून असंख्य जीव वाचवले. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. असं वास काढण्याचं काम धाकाने होत नाही. शोधकुत्र्यांना सापडलेल्या वासाबद्दल चेंडू मिळतो, खेळ मिळतो, म्हणून ती जीव लावून शोधतात.

सरपंच आणि पोलीस पाटलांनीही यात लक्ष घालावं. मार खाल्लेलं कुत्रं हात पुढे आला की चावतं. अंगाला हात लावून घेण्याची सवय असलेलं कुत्रं लसीच्या सुईला उभं राहतं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस आणि पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दरवर्षी, असं शिबीर गावात ठेवावं. कुणाला कुत्रं चावलंच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. मेलेल्या कोंबड्या आणि उष्टं-खरकटं गावकुसाला टाकणंही थांबवायला हवं. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं आपण म्हणतो. शेपूट राहू द्या वाकडं. सवयीला मात्र वळण लागतं, आणि त्यासाठी रोजची दहा मिनिटं आणि अर्धी भाकरी पुरते. आज संध्याकाळीच सुरुवात करा.