हुन्नर आपला, बाजार दुसऱ्याचा

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये आम्ही कापडाचा व्यापार करतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या लष्करी बराकींत उतरले, तेव्हा त्यांच्याजवळ घर नव्हते की दुकान नव्हते. १८५७ नंतर उत्तरेतून भिवंडीत आलेल्या मोमीन विणकरांच्या हातात मात्र हुन्नर होता. मग आज दोन्ही बिरादऱ्यांत एवढा फरक का?

सिंध्यांना सरकारी मदत मिळाली, हे खरे. पण १९४९ साली त्यांनी वांद्र्याला नॅशनल कॉलेज काढले आणि १९६५ साली इथे चांदीबाई कॉलेज. दुकान लहान असले तरी माल आणि गिऱ्हाईक स्वतःचे. भिवंडीचे कित्येक मागवाले सूत व्यापाऱ्याचे घेतात, कापड त्यालाच देतात आणि फक्त मजुरी मोजतात. मंदी आली की माग बंद, उधारी सुरू.

बँकांच्या कर्जात मुसलमानांचा वाटा कमी आहे, हे २००६ च्या सच्चर अहवालाने दाखवले. तो हक्क सरकारकडे मागायलाच हवा. पण चार मागवाल्यांनी मिळून सूत घेणे, हिशेबाची वही चोख ठेवणे आणि मुलामुलींना कॉलेजपर्यंत शिकवणे, याला कोणाची परवानगी लागते? बंधूंनो, हुन्नर ही अल्लाहची देणगी आहे. तिचा भाव ठरवायला आपणच शिकले पाहिजे.