फौज पाठवणारे आणि पाठवायला लावणारे

आपल्या मेळाव्यांत आणि संमेलनांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. अमेरिकेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाता यावे म्हणून तिथल्या राष्ट्राध्यक्षाने हजारावर सैनिक पाठवले. गोष्ट संपली की वक्ते जरा थांबतात, चष्मा काढतात आणि विचारतात, “आपल्या लेकरांसाठी कोण पाठवील?” सभागृह हळहळते. कुणीतरी ‘या अल्लाह’ म्हणते. मग आभारप्रदर्शन होते.

गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. आणि या अर्ध्या गोष्टीने आपल्या समाजाचे जेवढे नुकसान केले तेवढे एखाद्या धडधडीत खोट्या गोष्टीनेही केले नसते. खोटे कधी ना कधी उघडे पडते. अर्धे खरे मात्र वर्षानुवर्षे टाळ्या घेत राहते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इतिहास व राज्यशास्त्र शिकवते. केंद्र आणि राज्य यांना आमच्या वर्गात ‘मरकज’ आणि ‘रियासत’ म्हणतात. मराठवाड्यातल्या मुलांना रियासत म्हटले की आजीच्या तोंडची निजामाची रियासतच आठवते, तो घोळ निस्तरण्यात पहिली दहा मिनिटे जातात. एकदा अमेरिकेचा दाखला दिला तेव्हा एका मुलाने विचारले, “टीचर, सदर बडा या गव्हर्नर?” वर्गात हशा पिकला. पण आमचे नावाजलेले वक्तेही याच प्रश्नापाशी अडलेले आहेत. दोघांत मोठा कोण ते शोधायचे आणि त्याच्या दाराशी अर्ज घेऊन उभे राहायचे! अहो, पण त्या दोघांना भांडायला लावले कुणी?

आता गोष्ट पूर्ण पाहू. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की सरकारी शाळांत गोरी आणि काळी मुले वेगळी ठेवणे घटनेच्या विरुद्ध आहे. त्यानंतर तीन वर्षांनी अर्कान्सा राज्यातील लिटल रॉक शहरात नऊ मुले सेंट्रल हायस्कूलमध्ये जायला निघाली. राज्याचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी शाळेच्या दारात राज्याचे नॅशनल गार्ड उभे केले. कारण काय दिले? शांतता व सुव्यवस्था! (हे शब्द कुठेतरी ऐकल्यासारखे वाटले तर तो दोष माझा नाही.) ४ सप्टेंबर १९५७ रोजी पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड शाळेपाशी एकटीच पोहोचली. सगळ्यांनी मिळून जायचे ठरले होते, पण तिच्या घरी टेलिफोन नव्हता, निरोप मिळाला नाही. समोर बंदुका आणि मागे शिव्या देणारा जमाव.

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर तेव्हा कुठे होते? सुट्टीवर, न्यूपोर्टला. १४ सप्टेंबरला फॉबस तिथे जाऊन त्यांना भेटले. समझोता झाल्यासारखा वाटला, झाला नाही. २० तारखेला केंद्रीय न्यायाधीशांनी गार्डकरवी मुलांना अडवण्यास मनाई केली. तेव्हा गव्हर्नरांनी गार्ड काढून घेतले आणि दार जमावाच्या हवाली केले. २३ तारखेला मुले आत गेली. बाहेर जमाव इतका चवताळला, की दुपारपर्यंत त्यांना शाळेतून काढून न्यावे लागले. शहराच्या महापौरांनी तार करून मदत मागितली. तेव्हा कुठे २४ सप्टेंबरला फौज निघाली आणि राज्याचे गार्ड केंद्राच्या हुकमतीखाली घेतले गेले. एलिझाबेथ परत फिरली त्या दिवसापासून मोजा, वीस दिवस. त्या रात्रीच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष म्हणाले, की न्यायालयाचा हुकूम पाळलाच पाहिजे; निकालाबद्दल आपले वैयक्तिक मत काय याचा इथे संबंध नाही; आणि या प्रकाराने आपले शत्रू खूष होत आहेत. जगभरच्या वर्तमानपत्रांत एलिझाबेथचे छायाचित्र झळकले नसते तर हे शत्रू खूष तरी कशाने झाले असते?

पुढच्या वर्षी, १९५८-५९ मध्ये, फॉबस यांनी शहरातली सरकारी हायस्कुलेच बंद ठेवली. वर्षभर कुलूप. आणि हे गृहस्थ एकूण सहा वेळा गव्हर्नर म्हणून निवडून आले. आमचे वक्ते एवढे पुढे जातच नाहीत.

बरे, लिटल रॉकमध्ये निदान केंद्र आणि राज्य भांडले तरी. ते भांडायचे थांबले की काय होते, ते पाहायचे तर १९६१ कडे जावे लागेल. आंतरराज्य प्रवासाच्या बसमध्ये रंगावरून जागा ठरवणे सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्येच बेकायदा ठरवले होते. १९६० मध्ये बस स्थानकांनाही तेच लागू केले. दक्षिणेत कुणी पाळत नव्हते आणि वॉशिंग्टनमध्ये कुणी विचारत नव्हते. मग ४ मे १९६१ रोजी तेरा जण, काळे आणि गोरे, बसमध्ये शेजारी शेजारी बसून निघाले. त्यांची मागणी नवी नव्हती. कायद्याने दिलेल्या जागेवर ते फक्त बसले होते. १४ मे रोजी अलाबामात अॅनिस्टनजवळ त्यांची बस जाळण्यात आली. बर्मिंगहॅमला दुसऱ्या बसमधल्यांना मार खावा लागला आणि पोलीस वेळेवर आलेच नाहीत.

अलाबामाचे गव्हर्नर जॉन पॅटरसन हे १९६० च्या निवडणुकीत केनेडींचे समर्थक. आता ते केनेडींचा फोनही घेईनात! राष्ट्राध्यक्षांचे बंधू आणि अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी प्रवाशांना ‘जरा थंड घ्या’ असा सल्ला दिला. चळवळीचे नेते जेम्स फार्मर यांचे उत्तर असे होते, की आम्ही साडेतीनशे वर्षे थंडच आहोत, आणखी थंड झालो तर गोठून जाऊ. नॅशव्हिलमधली डायान नॅश ही विद्यार्थिनी नवी तुकडी पाठवत होती. केनेडींचे सहायक जॉन सायगेन्थेलर यांनी तिला फोन केला, की थांबवा, कुणीतरी मरेल. तिने शांतपणे सांगितले, की जाणाऱ्या सर्वांनी काल रात्रीच मृत्युपत्रांवर सह्या केल्या आहेत. २० मे रोजी माँटगोमेरीला तेच सायगेन्थेलर जमावाच्या माराने बेशुद्ध होऊन रस्त्यावर पडले. केंद्राचा माणूस पडला तेव्हा केंद्राचे मार्शल आले.

आणि मग तडजोड झाली. वाचकहो, ही तडजोड नीट पाहा. रॉबर्ट केनेडी यांनी मिसिसिपीचे सिनेटर जेम्स ईस्टलंड यांच्याशी बोलून ठरवले, की जॅक्सनमध्ये जमावाला हात उगारू द्यायचा नाही. त्या बदल्यात प्रवाशांना उतरताच अटक झाली तर केंद्र आड येणार नाही. म्हणजे ज्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल होते त्यांना तुरुंग! त्या उन्हाळ्यात तिथे तीनशेवर माणसे पकडली गेली. बऱ्याच जणांना पार्चमनच्या तुरुंगात धाडले. ते गाणी म्हणत म्हणून त्यांच्या गाद्या काढून घेतल्या. केंद्र आणि राज्य यांच्यातला तणाव मात्र छान निवळला. तुरुंग भरत राहिले तेव्हाच केंद्राच्या वाणिज्य आयोगाने हुकूम काढला, आणि १ नोव्हेंबर १९६१ पासून स्थानकांवरच्या वेगवेगळ्या पाट्या बेकायदा ठरल्या.

मिसिसिपीचे गव्हर्नर रॉस बार्नेट यांची कथा तर नाटकमंडळीला शोभावी अशी. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला विद्यापीठात प्रवेश द्या, असा न्यायालयाचा हुकूम होता. बार्नेट जाहीर सभांत गर्जना करीत आणि टेलिफोनवर केनेडी बंधूंशी घासाघीस करीत. ही संभाषणे नोंदलेली आहेत. त्यांचे म्हणणे, एकाच मार्शलने पिस्तूल काढून भागणार नाही, सगळ्यांनी काढावे. म्हणजे बळापुढे नाइलाज झाला असे लोकांना दिसेल! ३० सप्टेंबरच्या रात्री विद्यापीठात दंगल झाली. एक फ्रेंच पत्रकार आणि एक स्थानिक कारागीर, असे दोघे गोळीने मेले. नाटकातल्या बंदुका फोनवर ठरत होत्या, गोळ्या खऱ्या होत्या.

कुणी म्हणेल, मग घटनेला, न्यायालयाला, फौजेला काहीच अर्थ नाही का? आहे. फौजेशिवाय ती नऊ मुले त्या शाळेत शिकली नसती, हे मी मान्यच करते. माझे भांडण क्रमाशी आहे. आमचे वक्ते आधी फौज आणतात आणि मग मुले. इतिहासात आधी मुले आली.

सेल्मातही तसेच. ४ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम एक्स, म्हणजे अल-हाज मलिक अल-शबाज, सेल्माच्या ब्राऊन चॅपलमध्ये बोलले. मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा त्याच गावच्या तुरुंगात होते. सतरा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम यांचा खून झाला. ७ मार्चला मतदानाचा हक्क मागणारे सहाशे लोक एडमंड पेटस पुलावर आले आणि गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्या राज्य पोलिसांनी त्यांना झोडपले, अश्रुधूर सोडला. ते सगळे दूरचित्रवाणीवर दिसले. आठ दिवसांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन काँग्रेससमोर उभे राहिले. न्यायालयाने मोर्चाला परवानगी दिल्यावर वॉलेस म्हणाले, संरक्षणाचा खर्च राज्याला झेपणार नाही. तेव्हा जॉन्सन यांनी अलाबामाचे गार्ड केंद्राच्या ताब्यात घेऊन मोर्चाच्या रक्षणाला लावले. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. याच काळात केंद्राचीच तपास यंत्रणा किंग यांचे टेलिफोन चोरून ऐकत होती, आणि त्याची परवानगी १९६३ मध्ये रॉबर्ट केनेडींनीच दिली होती. या केंद्राला ‘आपला माणूस’ म्हणायचे असेल त्याने म्हणावे.

जॉन्सन यांनी वापरलेला तो अधिकार पुढे कुणाच्या हाती गेला? जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला स्थलांतरितांच्या धरपकडीविरुद्ध लोक रस्त्यावर आले. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम नको नको म्हणत असताना राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी राज्याचे गार्ड केंद्राच्या ताब्यात घेतले, पाठोपाठ सातशे मरीन पाठवले. गव्हर्नरने न मागता असे होण्याची १९६५ नंतरची ही पहिलीच वेळ. सेल्मात गार्डने आंदोलकांकडे पाठ केली होती, त्यांना राखण्यासाठी. इथे तोंड आंदोलकांकडे होते. आता राज्याचे अधिकार ही भाषा न्यूसम बोलू लागले, जी एकेकाळी फॉबस आणि वॉलेस बोलत. आणि ज्या मतदान कायद्यासाठी पुलावर रक्त सांडले, त्यातले राज्यांना वेसण घालणारे मुख्य सूत्र २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच रद्द केले. खटला अलाबामाचाच होता.

हे सारे मी आपल्यासाठी का उगाळते आहे? कारण आपल्याकडेही नजर अशीच फिरत राहते. मुंबईत दार बंद झाले की दिल्लीकडे, दिल्लीत बंद झाले की एखाद्या राज्याकडे. जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना दोन्हीकडे सरकार एकाच पक्षाचे होते, तणाव वगैरे काही नव्हता. तरीही लष्कराच्या परिणामकारक वापराचे आदेश देण्यात मुख्यमंत्र्यांनी चार मोलाचे दिवस घालवले, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला, तेव्हा आमची नजर केरळकडे गेली. विधानसभेने ३१ डिसेंबरला ठराव केला, जानेवारीत राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. चांगलेच केले. पण नागरिकत्व हा विषय केंद्राच्या सूचीत आहे, हे माझ्या नववीच्या पोरींनाही पाठ आहे. ठरावाने कायदा थांबत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये नियमही निघाले. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच केरळच्या मंत्रिमंडळाने आंदोलकांवरचे गंभीर नसलेले गुन्हे मागे घ्यायचे ठरवले. म्हणजे तोवर ते गुन्हे नोंदलेले होते. ठरावाला टाळ्या वाजवताना हे कुणी विचारले? शाहीनबागेत थंडीत बसलेल्या बायका ना मरकजने पाठवल्या होत्या ना रियासतीने. आमच्या व्यासपीठांवरून त्यांची आठवण निघते ती शेवटच्या दोन वाक्यांत, आणि मुख्यमंत्र्यांचे अभिनंदन मात्र पहिल्या ठरावात.

वक्त्यांना माझे एकच सांगणे आहे. लिटल रॉकची गोष्ट जरूर सांगा, पण २४ सप्टेंबर सांगाल तेव्हा ४ सप्टेंबरही सांगा. त्या सकाळी एलिझाबेथ बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसली होती, जमाव भोवती होता आणि राज्याचे बंदूकधारी शिपाई हाकेच्या अंतरावर उभे होते. तिच्या शेजारी एक वार्ताहर येऊन बसला. मग ग्रेस लॉर्च नावाची एक गोरी बाई गर्दीतून पुढे झाली, जमावाला चार शब्द सुनावले आणि मुलीला बसमध्ये बसवून दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राने, म्हणजे सिनेटच्या एका उपसमितीने, या बाईंना साम्यवादी असल्याच्या संशयावरून चौकशीला बोलावले.