कोलोरॅडोची दरी आणि कयाधूचा काठ

अमेरिकेच्या वाळवंटी प्रदेशातून वाहणाऱ्या कोलोरॅडो नदीने कोरलेली महादरी सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी १.८ किलोमीटर खोल आहे. पाठीवर शिधा बांधून या दरीत पायी उतरावे आणि फुगविलेल्या रबरी तराफ्यावरून तिच्या खळाळांतून पुढे जावे, ही तेथील हौशी मंडळींची पंढरीच झाली आहे. स्वतंत्रपणे तराफा नेऊ पाहणाऱ्यांची संख्या एवढी मोठी की परवान्यासाठी सोडत काढावी लागते. आणि ज्याला परवाना मिळाला त्याने आपला सर्व कचरा, अगदी मलमूत्रातील घन भागसुद्धा, डब्यात भरून दरीबाहेर आणावा असा नियम आहे. आपल्या तीर्थक्षेत्रांच्या घाटांवरून फिरणाऱ्यास या नियमाचा हेवा वाटावा!

हिंगोलीच्या वाचकास या साहसाचे काय? असा प्रश्न कोणी विचारील. आपली कयाधू उन्हाळ्यात कोरडे पात्र दाखविते. तेथे तराफा कसला नि दरी कसली? प्रश्न रास्त आहे. तथापि या दरीतून पहिल्यांदा नावा हाकारणाऱ्या माणसाची हकीकत मराठवाड्याने नीट वाचावी अशी आहे.

जॉन वेस्ली पॉवेल हा भूगर्भशास्त्राचा अध्यापक. १८६२ च्या एका लढाईत त्याचा उजवा हात गेला होता. २४ मे १८६९ रोजी चार लाकडी नावा आणि नऊ सोबती घेऊन तो ग्रीन नदीतून निघाला. नकाशावर पुढचा प्रदेश कोरा होता. पंधरवड्यातच एक नाव खडकावर आपटून फुटली आणि तिच्यातील शिधा वाहून गेला. वायुभारमापक यंत्रे मात्र फुटक्या नावेतून जिवावर उदार होऊन परत आणण्यात आली. पीठ भिजून आंबले. एक जण आधीच परतला होता. २८ ऑगस्टला आणखी तिघांनी पुढील खळाळ पाहून नावेत बसण्याचे नाकारले आणि ते दरी चढून वर गेले. ते मारले गेले. उरलेले सहा जण दोनच दिवसांत दरीबाहेर सुखरूप पोहोचले. दैवाचा याहून क्रूर हिशेब विरळा.

परंतु पॉवेलचे खरे महत्त्व या धाडसात नाही. ज्या नदीने त्याला उपाशी ठेवले तिचा प्रदेश तो पुढे अनेक वर्षे पायी आणि घोड्यावरून हिंडला, आणि १८७८ साली त्याने शुष्क प्रदेशाच्या जमिनींविषयीचा अहवाल सरकारला सादर केला. वर्षाला २० इंचांहून कमी पाऊस पडणाऱ्या मुलखात सिंचनावाचून शेती शाश्वत होणार नाही, आणि सिंचनापुरते पाणीही सर्व जमिनीला नाही, हे त्याचे सांगणे. प्रशासनाच्या सीमा पट्टीने आखलेल्या रेषांवर नव्हे, तर नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे ठरवाव्यात, म्हणजे एका पाण्यावर जगणारी माणसे एका कारभारात राहतील, असाही त्याचा आग्रह होता. जमिनीच्या दलालांना आणि त्यांच्या लोकप्रतिनिधींना हे रुचणे शक्यच नव्हते. १८९३ साली लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत, तुम्ही पाण्याच्या भांडणांचा वारसा मागे ठेवीत आहात, असे त्याने बजावले तेव्हा सभेने त्याची हुर्यो उडविली.

पुढे घडले ते त्याच्या म्हणण्याप्रमाणेच. १९२२ साली सात राज्यांनी कोलोरॅडोचे पाणी कागदावर वाटून घेतले. वाटप ज्या वर्षांच्या मोजणीवर आधारले ती वर्षे नेमकी अतिपावसाची होती. नदीत जितके पाणी नाही तितके हक्क निर्माण झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये त्या नदीवर इतिहासात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर करावी लागली. आणि ग्लेन कॅन्यन येथील ज्या धरणाने १९६३ पासून या महादरीतील प्रवाह बांधून टाकला, त्याच्या जलाशयाला नाव दिले पॉवेलचे! आज तेथील तराफे चालतात तेही धरणातून सोडलेल्या पाण्यावर.

आता आपल्याकडे पाहू. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेकडून वाहणारी पैनगंगा ही पॉवेलच्या तत्त्वाचे नेमके उलटे उदाहरण होय. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेले आणि ही नदी दोन राजवटींमधील कुंपण झाली. निजामी गेली, इंग्रज गेले, तरी कुंपण राहिलेच; आज अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ, आणि दोन्ही तीरांची पाटबंधारे महामंडळेही वेगळी. ईसापूरचे धरण याच सीमेवर उभे आहे. त्याचे पाणी कालव्यांनी नांदेडकडे आणि उमरखेडकडे जाते, आणि धरणाशेजारची पुष्कळ गावे मात्र कोरडवाहूच राहतात. सापळीच्या नियोजित धरणाला झालेला विरोध आणि खरबीजवळून कयाधूचे पाणी ईसापूरकडे वळविण्याच्या योजनेवरून उठलेले वादळ यांच्या मुळाशी हेच दुखणे आहे.

या वादात कोणाची बाजू किती खरी, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. मात्र दोन्ही बाजूंकडून आकडे फेकले जात असताना, कयाधूत ऑक्टोबरात किती पाणी असते, डिसेंबरात किती, वाळूउपशाने पात्र कोठे किती खोल गेले आणि काठच्या विहिरींची पातळी त्यामुळे किती उतरली, हे आपण होऊन सांगू शकणारी माणसे जिल्ह्यात किती निघतील? कोलोरॅडोच्या प्रदेशाहून आपल्याकडे पाऊस पुष्कळ अधिक पडतो. तो काळ्या दगडावरून वाहून जातो आणि मार्चमध्ये टँकर येतो. मग वाळवंट आकाशातून उतरते की आपण ते जमिनीवर तयार करतो?

साहसाची हौस आपल्या तरुणांनाही आहे, आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. ती भागविण्यासाठी ते कोलाडला जातात. तेथे कुंडलिकेत सकाळी तराफे सुटतात ते भिऱ्याच्या वीजगृहातून पाणी सुटते म्हणून. आणि ते पाणी येते मुळशीच्या धरणातून, ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला होता. तराफ्यात बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते? पैसे भरून घेतलेला तो तासाभराचा थरार वाईट नव्हे, पण त्यातून नदी कळत नाही.

ती कळण्याचा मार्ग फार सोपा आहे आणि त्यासाठी नवा खर्चही नको. आपल्या महाविद्यालयांत १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना चालते. तिचे सात दिवसांचे विशेष शिबिर बहुधा एकाच गावी मुक्काम ठोकून, रस्ता झाडून आणि व्याख्याने ऐकून पार पडते. तेच शिबिर चालते का करू नये? सेनगाव तालुक्यातून निघावे, नामदेवांच्या नर्सीला मुक्काम करावा, हिंगोलीवरून कळमनुरीच्या बाजूने कयाधू जेथे पैनगंगेस मिळते तेथपर्यंत काठाकाठाने जावे. शिधा पाठीवर असावा, म्हणजे गावावर भार पडत नाही. राज्य शासनाने २०२२ साली ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान काढले, तेव्हा अशा संवादयात्रांची कल्पना मान्य झालेलीच आहे. ती शासकीय छायाचित्रांपुरती न राहता दरवर्षीच्या अभ्यासक्रमात आली पाहिजे.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्यावयास हवी. वाळूच्या खड्ड्यांत साचलेले पाणी वरून उथळ दिसते आणि पोहता न येणाऱ्या मुलांचे बळी घेते. म्हणून दोर, प्राणरक्षक जाकिटे आणि स्थानिक पोहणारा सोबत असल्याखेरीज कोणत्याही प्राध्यापकाने विद्यार्थ्यांस पाण्यात उतरू देऊ नये. दुसरे असे की, रोजची नोंद वहीत झाली पाहिजे : पात्राची रुंदी, पाण्याची खोली, विहिरीची पातळी, नदीत सोडलेले नाले, वाळूउपशाच्या जागा. या वहीची एक प्रत ग्रामपंचायतीस आणि एक जिल्हाधिकारी कार्यालयास द्यावी. तेथील लिपिकाने ती आवक नोंदवहीत रीतसर चढवून पोच द्यावी, आणि पुढील वर्षीच्या तुकडीने निघण्यापूर्वी ती पोच दाखवून जुनी वही वाचावयास मागावी.